मॉरिशसमधील मराठी : पूर्वजांची भाषा आणि घरातील भाषा

प्रस्तावना :
हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर महाराष्ट्रातून जाणाऱ्या अभ्यासकास मराठी मंडळे, गणेशोत्सव व मराठीचे वर्ग आढळतात; परंतु मराठी म्हणविणाऱ्या बहुतेक कुटुंबांत घरातील बोली क्रिओल असते. त्यावरून तेथील मराठी संपली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
या बेटावर मूळ रहिवासी नव्हते. १७१५ नंतरच्या फ्रेंच अमलात आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेले गुलाम आणि त्यांचे मालक यांच्या व्यवहारातून फ्रेंचवर आधारलेली क्रिओल घडली. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले. मात्र शरणागतीच्या अटींनुसार रहिवाशांचे कायदे व रूढी कायम राहिल्या आणि फ्रेंचही टिकली. १८३५ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली. उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर येऊ लागले. पुढील काळात अशा सुमारे साडेचार लाख मजुरांनी येथे पाऊल ठेवले. त्यांपैकी बहुसंख्य कलकत्ता व मद्रास बंदरांतून आले. मुंबई बंदरातून आलेल्यांत रत्नागिरी, सातारा इत्यादी भागांतील मराठी मजूर होते. त्यांची संख्या तुलनेने अल्प होती.

भाषांतराची कारणे :
अल्पसंख्य मराठी भाषक मळ्यामळ्यांत विखुरले गेले. हिंदी मजुरांत भोजपुरीचे प्राबल्य होते, मळ्यावर व बाजारात क्रिओल चालत असे, तर शिक्षण व नोकरी यांची वाट इंग्रजी-फ्रेंचमधून जात असे. अशा स्थितीत मराठी देवघर, सण, भजन व झाकरी नृत्य यांच्या आश्रयाने राहिली. पुढे प्राथमिक शाळा व मोका येथील महात्मा गांधी संस्था यांतून तिच्या अध्यापनाची सोय झाली. १९९१ मध्ये दुसरी जागतिक मराठी परिषदही याच बेटावर भरली. म्हणजे बोलीचे स्थान गमावलेली भाषा समाजाच्या ओळखीचे साधन म्हणून उरली.

अभ्यागतांसाठी निरीक्षणे :
शासन व न्यायालयांत इंग्रजी, वृत्तपत्रांत प्रामुख्याने फ्रेंच आणि रस्त्यावर क्रिओल, अशी कामाची विभागणी आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार सुमारे ९० टक्के लोक घरी क्रिओल बोलतात. तेथील जनगणनेत पूर्वजांची भाषा व घरात बोलली जाणारी भाषा हे दोन स्वतंत्र प्रश्न विचारले जातात. 'तुमची मातृभाषा कोणती?' हा आपला एकच प्रश्न म्हणूनच तेथे अपुरा पडतो. आडनावांवरून मूळ गाव शोधणेही फसवे ठरते. कारण नोंदवहीत लिहिलेले पूर्वजाचे पहिले नावच अनेक कुटुंबांचे आडनाव झाले आहे.

निष्कर्ष :
मराठी न बोलणारा मॉरिशसचा मराठी माणूस हा भाषा विसरलेला माणूस नव्हे, तर मळ्याच्या इतिहासाने दोन भाषांचा वारस केलेला माणूस होय. त्याच्या उच्चारांची परीक्षा घेण्याऐवजी पाच-सहा पिढ्या त्याने काय जपले, याची नोंद घेणे अधिक न्याय्य ठरेल.