कादंबरी, जनगणना आणि एक चुकलेली तळटीप

पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने गेल्या महिन्यात मला विचारलं, "ताई, आता दोन-तीन वर्षं कथा-कादंबऱ्या बंदच ठेवायच्या ना? नाहीतर विषयाचं वाचन कधी होणार?"

मी जवळजवळ 'हो' म्हणून गेले होते, कारण मी स्वतः तेच केलं होतं. इतिहासात पीएच.डी. करायची तर अहवाल, कायदे, पत्रव्यवहार, जुनी वर्तमानपत्रं वाचायची. कादंबरी ही झोपताना वाचायची गोष्ट, असं माझं ठाम मत होतं. मग मी त्याच्या अगदी उलट चूक केली आणि अर्धं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. त्या दोन्ही चुका इथे सांगते. तुम्ही दोन्ही टाळू शकाल.

माझा विषय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या ब्राह्मण कुटुंबांमधल्या विधवांचं केशवपन हा आहे. या विषयावर कागद कमी नाहीत. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आहे. बेहरामजी मलबारींनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढली, सरकारने त्यांवर अधिकाऱ्यांची आणि प्रतिष्ठितांची मतं मागवली, तो सगळा पसारा आहे. रखमाबाईंचा खटला आहे. मुलींच्या संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर्षं करणारा १८९१ चा कायदा आणि त्यावरून पुण्यात पेटलेला वाद आहे. आगरकरांचा 'सुधारक' आहे. आणि १८८१ पासूनची जनगणना आहे, जिच्यात कोणत्या वयोगटात किती विधवा हे तक्त्यांत मांडलेलं आहे.

पहिलं दीड वर्ष मी हे सगळं वाचलं, वह्या भरल्या. तक्ता समोर असला की आपल्याला वाटतं, आता पायाखाली जमीन आहे. पण हळूहळू एक गोष्ट खटकायला लागली. जनगणनेत वय आहे, जात आहे, बाई विवाहित की विधवा हे आहे. केशवपनाचा रकाना नाही. कायद्याला नवऱ्याच्या मालमत्तेची काळजी आहे: पुनर्विवाह केला तर पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क जाईल, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण वैधव्य आल्यावर घरात पुढचे दहा-बारा दिवस काय घडतं, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. मलबारींच्या टिपणांवरची मतं तर जवळजवळ सगळी पुरुषांची. म्हणजे माझ्याकडे विधवांबद्दल ढीगभर कागद होते आणि त्यात विधवा जवळपास नव्हती.

त्याच सुमारास तापाने चार दिवस घरी पडून होते. कपाटात हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' होती. शाळेत असताना नाव पाठ केलेलं, पुस्तक कधी उघडलेलं नाही. ही कादंबरी यमू स्वतःची हकीकत सांगते अशा रीतीने लिहिलेली आहे. माहेर, सासर, शिकवू पाहणारा नवरा, त्याचा मृत्यू आणि मग तिच्या मनाविरुद्ध सासरच्यांनी केलेलं केशवपन.

चार दिवसांत कादंबरी संपली. मला रडू आलं हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे माझी वही प्रश्नांनी भरली. केशवपनाचा निर्णय घरात नक्की कोण घेतं? सासरा, दीर, की सासू? माहेरच्यांना विचारतात का? एकत्र कुटुंबात त्याच घरातल्या दुसऱ्या विधवा त्या वेळी कुणाच्या बाजूने उभ्या राहतात? आणि सगळ्यात साधा प्रश्न: हे काम करायला न्हावी लागतो. त्या न्हाव्याला काय वाटत असेल?

दीड वर्ष तक्ते वाचून यातला एकही प्रश्न मला पडला नव्हता. आकड्यांना तुम्ही तेच विचारता, ज्याचा रकाना त्यात आहे. कादंबरीत माणसं एका घरात, एका दिवशी, एकमेकांसमोर उभी असतात, त्यामुळे रकाना नसलेल्या गोष्टी डोळ्यांपुढे येतात.

इथपर्यंत ठीक होतं. मग मी दुसरी चूक केली.

उत्साहाच्या भरात मी प्रकरणाचा मसुदा लिहिला. 'त्या काळी केशवपनासाठी घरातले वडीलधारे पुरुष विधवेवर थेट बळजबरी करत,' असं एक दणदणीत वाक्य, आणि त्याला तळटीप: आपटे, 'पण लक्षात कोण घेतो?'. पुढची चार पानं त्याच पायावर उभी. गाईडनी मसुदा परत दिला तेव्हा त्या तळटीपेभोवती पेन्सिलीने गोल होता आणि बाजूला एवढंच लिहिलं होतं: "ही यमू कुणाची?"

मला आधी रागच आला. दोन दिवसांनी प्रश्न कळला. यमू ही हरिभाऊंची आहे. १८६४ मध्ये जन्मलेल्या, म्हणजे १८९० मध्ये सव्वीस वर्षांच्या असलेल्या एका सुधारकी पुरुषाने लिहिलेला तो स्त्रीचा आवाज आहे. हरिभाऊंनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि ही कादंबरी त्यातून क्रमशः आली. पुण्यात संमतिवयावरून भांडणं चालू असताना लोक ती आठवड्याआठवड्याने वाचत होते. वाचकाचं मन एका बाजूला वळवणं हा तिचा हेतू होता. मग तिच्यातला प्रसंग 'असं सर्रास घडत असे' याचा पुरावा कसा होईल? असं घडू शकतं हे तेव्हाच्या वाचकाला पटत होतं, इतकंच तो सांगतो.

हे 'इतकंच' लहान नाही, पण वेगळं आहे. तुमच्या प्रबंधात हे दोन दावे एकमेकांत मिसळले की तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवणार.

हाच प्रश्न मागे नेऊन पाहा. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण नेट-सेटसाठी घोकतो. तिचाही विषय विधवांची दुःस्थिती. पण पदमनजी काही वर्षांपूर्वीच ख्रिस्ती झालेले होते आणि पुस्तकाची सगळी वाट त्या धर्माकडे जाते. म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही. मात्र त्यातलं दुःख कुठे नेण्यासाठी मांडलं आहे, हे लक्षात ठेवून वाचावं लागतं.

मग तुम्ही म्हणाल, त्यापेक्षा तथ्यांची पुस्तकंच बरी! थांबा. 'हे कुणाचं?' हा प्रश्न मी तथ्यांच्या कागदांनाही विचारला, तेव्हा तेही हलले. जनगणनेत वय कुणी सांगितलं? बहुतेक वेळा घरातल्या कर्त्या पुरुषाने, आणि तेही अंदाजाने. म्हणून त्या काळच्या तक्त्यांत दहाच्या पटीतल्या वयांवर माणसांची गर्दी दिसते. पंडिता रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांवरचं इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये अमेरिकेत, फिलाडेल्फियाला छापलं गेलं. ते अनुभवी आणि अभ्यासू बाईने लिहिलेलं आहे, पण विधवांसाठी शाळा काढायला अमेरिकन वाचकांची मदत मिळावी हा त्यामागचा उघड हेतू आहे. वर्तमानपत्रांबद्दल तर बोलायलाच नको. म्हणजे कादंबरीला हेतू असतो आणि अहवालाला नसतो, हा भेद टिकत नाही. फरक इतकाच की कादंबरी वाचताना आपण सावध असतो, आणि तक्ता वाचताना सावध राहायला कुणी शिकवलेलं नसतं.

आता त्या न्हाव्याकडे येते, कारण माझं प्रकरण त्यानेच वाचवलं.

वहीतला तो प्रश्न घेऊन मी पुन्हा कागदांकडे गेले. १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं होतं. सत्यशोधक चळवळीतले, कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता. ही माहिती माझ्या वहीत वर्षभर आधीपासून होती. 'कामगार चळवळ' या शीर्षकाखाली दोन ओळींत टिपून मी पुढे गेले होते. माझ्या विषयाशी तिचा संबंध आहे, हे मला दिसलंच नव्हतं. ज्या वर्षी 'करमणूक' निघालं, त्याच वर्षी ज्यांच्या हातात वस्तरा होता ते लोक 'आम्ही करणार नाही' म्हणत होते. वाद फक्त पुण्या-मुंबईतल्या शिकलेल्या ब्राह्मणांमधला आहे असं धरून मी चालले होते. ते चूक होतं, आणि ते मला एका कादंबरीने पाडलेल्या प्रश्नामुळे कळलं.

दुसरं असं की मी स्त्रियांनी स्वतः लिहिलेलं नव्याने वाचायला घेतलं. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ चं आहे, पण तो युक्तिवाद आहे, आत्मकथन नव्हे. पार्वतीबाई आठवल्यांची 'माझी कहाणी' १९२८ ची आणि त्यांच्या बहिणीचं, आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण' १९४४ चं. म्हणजे कादंबरीतल्या यमूनंतर तीस-पन्नास वर्षांनी आलेली. आणि त्यांत यमूच्या हकीकतीत न बसणारं बरंच काही आहे. पार्वतीबाई कर्व्यांच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या, तेव्हा वर्षानुवर्षं त्या वपन केलेल्या विधवेच्याच वेषात होत्या. पुढे केस वाढवायचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला. इथे धरून बसवणारं कुणी दिसत नाही. इथे रूढी माणसाच्या आत आहे, आणि तिच्यातून बाहेर येणंही सावकाश, विचार करून झालेलं आहे. माझं ते 'थेट बळजबरी' वालं वाक्य या एका पुस्तकापुढे टिकलं नसतं. कादंबरी वाचली नसती तर मी या आठवणींना नेमका प्रश्न विचारला नसता. आठवणी वाचल्या नसत्या तर कादंबरीलाच सत्य धरून बसले असते.

एक इशारा द्यायला हवा. वर जे म्हटलं ते त्याच काळात लिहिलेल्या कादंबरीबद्दल. नंतरच्या काळात लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबरीचा हिशेब वेगळा. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची. थोरल्या माधवरावांच्या काळाचं साधन म्हणून ती वापरता येणार नाही. पण १९६० च्या दशकातल्या मराठी वाचकाला पेशवा कसा असावासा वाटत होता, हे शोधायचं असेल तर ती अस्सल साधन आहे. पानिपतावर विश्वास पाटलांची कादंबरी आवडली असेल तर जरूर वाचा, पण तळटीप द्यायची वेळ आली की शेजवलकरांकडे जा. आणि कागदपत्रांना प्राण मानणाऱ्या राजवाड्यांचंच उदाहरण घ्या. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढत असतानाच, १९०२ मध्ये, त्यांनी 'कादंबरी' या विषयावर मोठा निबंध लिहिला. दफ्तरात बुडालेल्या माणसाला कादंबरीवर विचार करणं वेळेचा अपव्यय वाटला नाही.

आता कामाचं सांगते. मी सध्या असं करते, तुम्ही करून पाहा.

एक, तुमच्या विषयाच्या काळात लिहिलेली एक तरी कादंबरी सिनॉप्सिस लिहिण्याआधी वाचा. नंतर वाचलीत तर प्रश्न उशिरा सुचतील.

दोन, वाचताना वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे कादंबरीतला प्रसंग, उजवीकडे त्यातून पडलेला प्रश्न. प्रबंधात उजवी बाजू जाते. डावी बाजू जायची असेल तर ती लेखकाचं म्हणणं म्हणूनच जाते.

तीन, प्रत्येक साधनाच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी. कादंबरीवर लिहा, तशा जनगणनेवरही लिहा.

चार, कादंबरी आणि कागद यांचं पटत नसेल तर घाबरू नका, आणि घाईने एकाला खोटंही ठरवू नका. माझ्या अनुभवात प्रबंधातला सांगण्यासारखा मजकूर नेमका त्या फटीत सापडतो.

त्या मुलीला मी शेवटी काय सांगितलं? कादंबऱ्या बंद करू नकोस, पण झोपताना वाचू नकोस. सकाळी, टेबलावर बसून, पेन्सिल घेऊन वाच. माझ्या मसुद्याचं ते पान अजून माझ्याकडे आहे. नवं प्रकरण लिहायला बसले की मी ते आधी समोर ठेवते. पेन्सिलीचा तो गोल आता पुसट झालाय, प्रश्न मात्र प्रत्येक तळटीपेला विचारावा लागतो: ही कुणाची?