जग असेपर्यंतचा करार

आजच्या भागात आपण एका करारनाम्याबद्दल बोलणार आहोत. करारनामा म्हटलं की स्टॅम्पपेपर, बारीक अक्षरं आणि शेवटच्या पानावरची सही डोळ्यांसमोर येते. हा करारनामा मात्र लाल मखमलीत बांधलेला आहे. त्याची पानं चर्मपत्राची आहेत, त्यांवर सोन्याचा मुलामा आणि रंगीत चित्रं आहेत. त्याला रेशमी दोरांनी मोहोरा लटकवलेल्या आहेत आणि प्रत्येक मोहोर चांदीच्या डबीत जपून ठेवलेली आहे. तारीख आहे 16 जुलै 1504. एक पक्षकार इंग्लंडचा राजा सातवा हेन्री, दुसरा वेस्टमिन्स्टर ॲबे या मठाचा मठाधिपती जॉन इस्लिप आणि त्याचे मठवासी.

या दस्ताची छायाचित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा नजर पहिल्या पानावरच्या चित्रावर खिळली. राजा सिंहासनावर बसलेला आहे, समोर मठाधिपती गुडघे टेकून आहे, मागे काळ्या झग्यातले मठवासी आहेत, आणि राजा त्यांच्या हाती हेच पुस्तक देतो आहे. म्हणजे करार कसा झाला, हे करारातच रंगवून ठेवलंय. पण खरी गंमत मुदतीत आहे. हा करार दहा, वीस किंवा शंभर वर्षांचा नाही. जग अस्तित्वात असेपर्यंत तो पाळायचा आहे. आपल्याकडच्या ताम्रपटांत 'यावच्चंद्रदिवाकरौ' लिहीत, तसंच.

असा करार करायची वेळ राजावर का आली? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

सातव्या हेन्रीला गादी सहज मिळालेली नव्हती. 22 ऑगस्ट 1485 रोजी बॉसवर्थच्या लढाईत तिसऱ्या रिचर्डला मारून तो राजा झाला. वंशाच्या दृष्टीने त्याचा हक्क कच्चा होता, त्यामुळे कोण कधी उलटेल ही धास्ती कायम राहिली. यावर त्याने शोधलेला उपाय म्हणजे कागद. तो सरदारांकडून मुचलके लिहून घेई. 'राजाशी बेइमानी केली तर इतकी रक्कम भरेन', अशा कबुलीखाली कितीतरी मोठी घराणी दबलेली होती. रिचर्ड एम्पसन आणि एडमंड डडली हे दोन अधिकारी या वसुलीमुळे इतके बदनाम झाले, की राजा मेल्यावर पुढच्याच वर्षी, 1510 मध्ये, नव्या राजाने दोघांचा शिरच्छेद करवला.

अशा या हिशेबी माणसाच्या घरात दोन मृत्यू लागोपाठ आले. एप्रिल 1502 मध्ये थोरला मुलगा आर्थर गेला. 11 फेब्रुवारी 1503 ला, बाळंतपणानंतर काही दिवसांतच, राणी एलिझाबेथ गेली. तो तिचा वाढदिवस होता, तिला सदतीस वर्षं पूर्ण झाली होती. त्याआधी अडीचेक आठवड्यांपूर्वी, 24 जानेवारीला, वेस्टमिन्स्टर ॲबेत एका नव्या प्रार्थनामंदिराची पायाभरणी झाली होती. आता तिथे राणीचं आणि पुढे स्वतः राजाचं दफन व्हायचं होतं.

त्या काळच्या ख्रिस्ती समजुतीनुसार बहुतेक माणसं मेल्यावर थेट स्वर्गात जात नाहीत. मधल्या एका शुद्धिलोकात त्यांना आपल्या पापांची सजा भोगावी लागते. मागे राहिलेल्यांनी प्रार्थना केली, मास म्हटला, दानधर्म केला, तर ती सजा कमी होते. आपल्याला इथे श्राद्धाची आठवण होईल, पण एक फरक आहे. श्राद्ध मुलगा किंवा वंशज घालतो. इथे पैसे देऊन हे काम संस्थेकडे सोपवता येई. जमीन द्यायची, उत्पन्न लावून द्यायचं आणि त्याच्या मोबदल्यात कायमच्या प्रार्थना लिहून घ्यायच्या.

हेन्रीने तेच केलं. मात्र सरदारांवर ज्याने भरवसा ठेवला नाही, तो साधूंवर तरी कसा ठेवणार? कोणत्या दिवशी कोणती प्रार्थना, दिवे किती, घंटा केव्हा, गरिबांना दान किती, हे सगळं कलमवार लिहिलं गेलं. राजाच्या आत्म्यासाठी तीन खास मठवासी नेमायचे ठरले. तेरा गरीब माणसांसाठी आश्रयगृह ठरलं. त्यांनी तिथे राहायचं, जेवायचं आणि राजासाठी प्रार्थना करायची. मठाने हयगय केली तर दंड. शिवाय कराराच्या या जाळ्यात लंडनचा महापौर आणि सेंट पॉल कॅथीड्रल यांनाही गुंतवलं, म्हणजे मठ झोपला तरी कुणीतरी जागं असावं.

आता या पुस्तकाच्या पानांची वरची कड बघा. ती सरळ नाही, लाटेसारखी कापलेली आहे. हा कारागिराचा दोष नव्हे, हेच त्या काळचं कुलूप होतं. एकाच कातड्यावर मजकूर दोनदा लिहायचा, मधोमध वाकडातिकडा काप घ्यायचा आणि एकेक तुकडा एकेका पक्षकाराने न्यायचा. पुढे वाद झाला तर तुकडे जुळवून बघायचे. दात दातात बसले तर दस्त खरा. लॅटिनमध्ये दाताला 'डेन्स' म्हणतात, त्यावरून अशा दस्ताला 'इंडेंचर' हे नाव पडलं. एकोणिसाव्या शतकात भारतातून मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या कराराचं इंग्रजी नावही हेच, इंडेंचर. आपली माणसं मात्र 'ॲग्रीमेंट'चा अपभ्रंश करून त्याला 'गिरमिट' म्हणाली. त्या गिरमिटियांत कोकणातले मराठी लोकही होते. राजाच्या मखमली पुस्तकाचं आणि मजुराच्या त्या कागदाचं नाव एकच आहे, हे कळल्यावर मी थोडा वेळ गप्पच झालो.

असो. राजाने सगळी भोकं बुजवली होती. जमिनी दिल्या, मरण्यापूर्वी बांधकामासाठी मठाधिपतीच्या हाती पाच हजार पौंड रोख ठेवले आणि मृत्युपत्रात दहा हजार मास म्हणायला सांगितलं. 21 एप्रिल 1509 रोजी तो वारला.

आणि हा करार मोडला कुणी? मठाने नाही. तो मोडला राजाच्या स्वतःच्या मुलाने. आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडले, एकेक करत देशातले मठ बंद केले आणि त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या. 16 जानेवारी 1540 रोजी वेस्टमिन्स्टरचा मठही राजाच्या स्वाधीन झाला. हिशेब करा, 16 जुलै 1504 पासून बरोबर साडेपस्तीस वर्षं. जग असेपर्यंतचा करार साडेपस्तीस वर्षांत आटोपला. त्यावर कळस चढवला नातवाने. सहाव्या एडवर्डच्या राज्यात, 1547 मध्ये, मृतांसाठी अशा प्रार्थना लावून देण्याची सगळी व्यवस्थाच कायद्याने रद्द झाली. हा एडवर्ड 1553 मध्ये पंधराव्या वर्षी वारला आणि त्याचं दफन झालं ते आजोबांच्या याच प्रार्थनामंदिरात, वेदीच्या खाली!

मग या राजाचं चुकलं कुठे? मला वाटतं, त्याने दुसऱ्या पक्षाच्या बेइमानीची सगळी तजवीज केली, पण आपल्या बाजूचा विचारच केला नाही. दंड वसूल करणारी ताकद कुणाची? राजाची. मग राजाच फिरला तर कुणाकडे दाद मागायची? करारावर मोहोर कितीही मोठी असली, तरी तो पाळवून घेणारा कुणीतरी करारापेक्षा वरचा लागतो. इथे तो वरचा माणूसच उलटला. बरं, आठव्या हेन्रीने वडिलांचा द्वेष केला असंही नाही. पिएत्रो तोरिजानो या इटालियन शिल्पकाराकडून त्यांची सुंदर ब्राँझची समाधी करून घेतली गेली ती त्याच्याच राज्यात. समाधी टिकवली, शब्द टिकवला नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. ते तेरा गरीब आठवतात? त्यांची व्यवस्था धर्मांतराच्या त्या वादळातूनही वाचली. पुढच्या राजांनी ती नव्या रूपात चालू ठेवली आणि वेस्टमिन्स्टर ॲबेत राजाच्या नावाच्या या आश्रितांची परंपरा आजही आहे. लाल झगा आणि त्यावर ट्यूडर गुलाबाचा बिल्ला, हा त्यांचा पोशाख. राजाने स्वतःच्या आत्म्यासाठी जे मागितलं ते बुडालं. गरिबांना जे दिलं ते, रूप बदलून का होईना, उरलं.

आणि दस्त? एक प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, दुसरी क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. त्या कराराने आता कुणीही बांधलेलं नाही. तरी कुणी त्या प्रती शेजारी ठेवल्याच, तर एक पक्ष कधीच नाहीसा झालेल्या या कराराच्या पानांची लाटेरी कड अजूनही आपली जोडीदार कड शोधते आहे असंच वाटेल.

तुमच्या घरी एखादी जुनी सनद, खतपत्र किंवा गहाणखत असेल तर एकदा काढून बघा. लिहून देणारा कोण ते सगळेच वाचतात. पाळवून घेणारा कोण होता, तेही शोधा.