छायाचित्राखालचें नांव

वृत्तपत्रांतील छायाचित्र आम्ही क्षणभर पाहतों व पान उलटतों; तें टिपणाऱ्याचें नांव विचारण्याची आम्हांस संवय नाहीं. होमाई व्यारावाला यांचें चरित्र ह्या उणिवेवर नेमकें बोट ठेवितें. १९१३ सालीं नवसारीस जन्मलेल्या ह्या पारशी बाईंनीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिक्षण घेतलें. परंतु त्यांचीं आरंभींचीं छायाचित्रें प्रसिद्ध झालीं तीं पति माणेकशा यांच्या नांवानें. १९४२ त त्या दिल्लीस गेल्या. १९४७ सालीं लाल किल्ल्यावर चढलेला तिरंगा, १९४८ त माउंटबॅटन यांनीं घेतलेला निरोप, हें सारें त्यांनीं राष्ट्राच्या स्मृतींत सांठविलें. पुढें सहव्यवसायिकांतील सभ्यता लोपत चालली असें पाहून १९७० त त्यांनीं कॅमेरा खालीं ठेविला. पद्मविभूषण मिळालें तें २०११ त; पुढच्याच वर्षीं त्या निवर्तल्या. इतिहास लिहिणाऱ्यांचीं नांवें आम्ही पाठ करितों; तो डोळ्यांपुढें उभा करणाऱ्यांचें ऋण मात्र नांव वाचण्याइतकेंही फेडीत नाहीं.