परवाना कशासाठी? फिलिपिन्समधल्या एका कायद्याची गोष्ट

वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, हे आपल्याला माहीत असतं. पण गुन्हेगारीशास्त्र शिकलेल्या माणसाचं काय? आपल्याकडे त्यासाठी परवान्याचा वेगळा कायदा नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हा विषय कित्येक वर्षं शिकवला गेला. मुलं पदवी घेतात आणि नोकरी शोधतात. फिलिपिन्समध्ये मात्र असा कायदा १९७२ पासून आहे.

त्या वर्षीच्या जुलैत ‘प्रजासत्ताक अधिनियम ६५०६’ मंजूर झाला. अध्यक्ष आणि दोन सदस्य असं परीक्षा मंडळ, सहा विषय, उत्तीर्ण व्हायला सरासरी ७५ टक्के. पोलीस तपास, तुरुंग, प्रयोगशाळा ही कामं शिकलेल्या माणसांच्या हाती जावीत, ही त्यामागची कल्पना. पण बघा, सप्टेंबरात मार्कोस यांनी मार्शल लॉ लावला आणि कायदे करणारी संसदच बंद पडली. शास्त्रशुद्ध पोलीस यंत्रणेचं स्वप्न आणि पोलिसी राजवट, दोन्ही एकाच वर्षात आली.

या कायद्यातला विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याचा भाग कोणता? उत्तीर्ण झालेल्याला सरकारी प्रवेश परीक्षेतून मिळणारी सूट. परिविक्षा अधिकारी, तुरुंग अधिकारी अशा पदांचं दार तिथून उघडतं. पण त्याच कायद्यात गैरवर्तनाबद्दल प्रमाणपत्र काढून घेण्याचीही तरतूद होती. पहिलं कलम परीक्षेच्या तयारीत आपोआप पाठ होतं. दुसरं मुद्दाम शिकवावं लागतं.

८ नोव्हेंबर २०१८ ला दुतेर्ते यांनी नव्या कायद्यावर, म्हणजे अधिनियम १११३१ वर सही केली. मंडळ पाच जणांचं झालं, आचारसंहिता आली, प्रमाणपत्राशिवाय व्यवसाय करायला बंदी आली. आणि हे कधी? अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत पोलिसांच्या हातून हजारो माणसं मारली गेली होती. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याच वर्षी फेब्रुवारीत प्राथमिक चौकशी सुरू केली होती.

म्हणून आपण हा कायदा नुसता नोकरीचा कागद समजून चालणार नाही. वरिष्ठ म्हणाले, ‘पंचनामा असा लिही’, तर ‘नाही’ म्हणायला आधार कशाचा? आपल्या नावावरच्या परवान्याचा, आणि तो कशासाठी जाऊ शकतो हे माहीत असण्याचा. विद्यार्थ्याला हे वर्गातच कळलं पाहिजे. चौकीत गेल्यावर कळून फार उशीर झालेला असतो.