भातबंदीचा वार: बुधवार, शनिवार

सोलमध्ये कॉलेजच्या गल्लीत स्वस्तात पोट भरायचं तर ‘बुन्शिक’चं हॉटेल गाठायचं. रामेन, तोकबोक्की वगैरे. बुन्शिक म्हणजे मुळात पिठाचं खाणं. पण भातखाऊ देशात एवढं पीठ आलं कुठून? अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून. १९६३मध्ये सामयांगचं रामेन निघालं, पाकीट १० वॉनला. तांदूळ पुरेना, म्हणून १९६९पासून बुधवारी-शनिवारी ११ ते ५ हॉटेलांत भात विकायला बंदी! शाळेत तर मास्तर पोरांचे डबे उघडून बघायचे. आपल्याकडे शास्त्रीजींनीही सोमवारचं एक जेवण सोडायला सांगितलं होतं, पण ती विनंती होती, तिथे हुकूम. मला हा फरक मोठा वाटतो. बंदी १९७७मध्ये उठली. तोकबोक्की मात्र काही ठिकाणी अजून गव्हाचीच मिळते, आणि लोक ती आवडीने मागतात.