यू-बोट युद्धबिल्ला

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुडी-सैनिकांना मिळणारा धातूचा सन्मानबिल्ला. नौदलप्रमुख एरिख रेडर यांनी १३ ऑक्टोबर १९३९ रोजी तो सुरू केला. लंबवर्तुळाकार पर्णचक्रात पाणबुडी, वर गरुड व स्वस्तिक. सुरुवातीचे बिल्ले मुलामा दिलेल्या तोंबाकचे (पितळेचा एक प्रकार), नंतरचे जस्ताचे. तोंबाकचे बिल्ले ठशाने घडवलेले असल्याने पानांच्या कडा रेखीव असतात. नकली बिल्ले बहुधा अस्सलावरून साचा घेऊन ओततात. त्यामुळे गरुडाची पिसे बोथट, पृष्ठभागावर हवेची सूक्ष्म छिद्रे आणि धातू आकसल्याने आकार किंचित लहान. जस्तावरचा मुलामा टिकत नाही व खालचे करडे जस्त उघडे पडते, म्हणून केवळ करडेपणावरून बिल्ला नकली ठरवू नये. पाठीवरची टाचण, बिजागरी व निर्मात्याची मोहोर परस्परांशी जुळणे निर्णायक. १९५७ च्या पश्चिम जर्मन कायद्यानंतरचे स्वस्तिकविरहित बिल्ले अधिकृत आहेत, पण युद्धकालीन नाहीत.