व्हॉल्व्हचा प्रीअँप आणि हरवलेला डग्गा

गेल्या भागात फील्ड टेलिफोनच्या तारांबद्दल बोललो. आज तोच धागा धरून घरातल्या गाण्याच्या यंत्राकडे येतो. व्हॉल्व्हचा प्रीअँप ट्रान्झिस्टरच्या पॉवर अँपला जोडावा का, असं आजही शौकीन विचारतात. या जोडीला इतिहास आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे.

१९४७ साल आपण वेगळ्या कारणाने लक्षात ठेवतो. पण त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत डी. टी. एन. विल्यमसन यांनी इंग्लंडच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात आपल्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरचा आराखडा छापला. हौशी लोकांनी तो घरोघरी बांधला. आणि डिसेंबरात अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर चालला. व्हॉल्व्ह ऐन भरात होता तेव्हाच त्याचा वारस पाळण्यात आला होता म्हणा ना.

ट्रान्झिस्टरने पॉवर अँपची जागा घेतली. ते साहजिकच होतं. व्हॉल्व्हच्या पॉवर अँपला जड, महागडा आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागायचा. १९५६ साली एच. सी. लिन यांनी तो वगळून ट्रान्झिस्टरची मांडणी करून दाखवली. प्रीअँपमध्ये मात्र सुरुवातीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर खरखर करत, म्हणून तिथे व्हॉल्व्ह बराच काळ टिकला. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतली डायनाको कंपनी व्हॉल्व्हचा पीएएस-३एक्स प्रीअँप आणि ट्रान्झिस्टरचा स्टिरिओ १२० पॉवर अँप, दोन्ही एकाच वेळी विकत होती. इंग्लंडच्या क्वाडने १९६७ मध्ये ३३ आणि ३०३ ही पूर्ण ट्रान्झिस्टरची जोडी काढली, पण जुना व्हॉल्व्हचा प्रीअँप कोण टाकून देणार? आपल्याकडे तर दोन्ही पिढ्या जवळजवळ एकदमच आल्या. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह १९६१ पासून बनू लागले आणि जर्मेनियम ट्रान्झिस्टर १९६२ पासून!

आमचं घर इंदूरचं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ईसीसी ८३ व्हॉल्व्ह वापरून प्रीअँप स्वतः बांधला होता. १९८४ साली मी महूला सिग्नल्सच्या कोर्सवर होतो. सुट्टीत येताना ट्रान्झिस्टरचा पॉवर अँप घेऊन आलो आणि त्यांच्या प्रीअँपला जोडला. नाट्यसंगीताची रेकॉर्ड लावली. दोन मिनिटांत अण्णा म्हणाले, "अरे, डग्गा कुठे गेला? नुसता तबलाच वाजतोय."

मी ताजा ताजा लेफ्टनंट. टेलिफोनच्या लाइनवर दोन्ही टोकांना ६०० ओहम सारखे ठेवायचे, म्हणजे जास्तीत जास्त शक्ती पलीकडे पोचते, हे मॅचिंग मला पाठ. अण्णांना म्हटलं, "तुमचे व्हॉल्व्ह म्हातारे झालेत." नवे व्हॉल्व्ह घातले, फरक शून्य. मग तुमचे कान, असंही बोलून गेलो. त्यांनी प्रीअँप कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला. नंतर त्यांनी रेकॉर्ड क्वचितच लावल्या.

चूक मॅचिंगच्या माझ्या कल्पनेत होती. इथे शक्ती पोचवायची नसते, व्होल्टेज पोचवायचं असतं. त्यासाठी पुढच्या यंत्राचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, मागच्याच्या निदान दहापट हवा. व्हॉल्व्हच्या ग्रिडला करंट जवळजवळ लागतच नाही, म्हणून व्हॉल्व्हच्या पॉवर अँपचा इनपुट इम्पिडन्स सहज पाच लाख ओहम असायचा. ट्रान्झिस्टरच्या बेसला करंट लागतो. माझ्या पॉवर अँपचा इनपुट होता १०,००० ओहम.

अण्णांच्या प्रीअँपचं शेवटचं टप्पं कॅथोड फॉलोअरचं, आउटपुट इम्पिडन्स साधारण ६०० ओहम. दहापटीचा नियम तर पाळला जात होता! घात केला तो बाहेर पडतानाच्या ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने (तेव्हा आम्ही कंडेन्सर म्हणायचो). व्हॉल्व्हचं उच्च डीसी व्होल्टेज अडवायला तो लागतोच. पुढे पाच लाख ओहम असतील तर खर्जाची गळती ३ हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे ऐकू येण्याच्या खालीच. पुढे १०,००० ओहम आले की तीच गळती १५० हर्ट्‌झपासून. ७५ हर्ट्‌झला व्होल्टेज निम्म्याहून कमी उरतं. डग्गा तिथेच गेला होता. कॅथोड फॉलोअरऐवजी थेट प्लेटवरून आउटपुट घेतलं असतं तर आवाजच बसला असता, कारण तिथला इम्पिडन्स ३८,००० ओहमच्या घरात.

अण्णा १९९१ मध्ये गेले. निवृत्तीनंतर माळा आवरताना प्रीअँप सापडला. आकृती कागदावर काढली आणि पाच मिनिटांत गणित सुटलं. २.२ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टचा कपॅसिटर बसवला. गळती ७ हर्ट्‌झच्या खाली गेली. तीच रेकॉर्ड लावली. डग्गा होता.

हे घरी करणार असाल तर एक सांगतो. कपॅसिटर मोठा केला की चालू करतानाचा धक्काही मोठा होतो, आणि ट्रान्झिस्टरचा पॉवर अँप तो स्पीकरपर्यंत नेऊन पोचवतो. जुना कागदी कपॅसिटर तर डीसीही गळू देतो, तो बदलाच. आणि आत हात घालण्याआधी वीज काढून कपॅसिटर रिकामे करा, व्हॉल्व्हच्या सेटमध्ये २५०-३०० व्होल्ट असतात. आमच्या घरी प्रीअँपवर चिठ्ठी चिकटवली आहे: आधी हा चालू करा, एक मिनिट थांबा, मग पॉवर अँप. बंद करताना उलट.